स्ट्रॅट-टाइप गिटारचा पिकअप बदलायचाय: पॉट, वायरिंग, हमिंग वगैरे

ऐरोलीचा_रिफ | शनिवार, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारच्या) घाटाची एचएसएस गिटार आहे. पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे मॅग्नेट-कॉइलचे तुकडे) तीन: ब्रिजला हंबकर म्हणजे दोन कॉइलचा, मधे आणि नेकला सिंगल कॉइल. कोणता वाजायचा ते निवडायला पाच पोझिशनचा स्विच, एक व्हॉल्यूम आणि दोन टोन. नेक सरळ आहे, फ्रेट शाबूत आहेत, ट्यूनिंग टिकतं आणि मुख्य म्हणजे हाताला बसली आहे. ती विकून दुसरी घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही.

अडचण आवाजाची आहे. क्लीनवर गोड वाजते, पण अँपवर गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) वाढवला की ब्रिजवर कॉर्डचा नुसता गोळा होतो. पॉवर कॉर्डपर्यंत ठीक. त्यात तिसरा सूर आला की मेजर वाजतोय की मायनर हे कळत नाही. दुसरं म्हणजे हमिंग. संध्याकाळी घरी वाजवायला बसलो की सिंगल कॉइलवर सतत चर्रर्र चालू असतं, आणि तारांना हात लावला की बरंच कमी होतं.

ब्रिजला सेमूर डंकन कंपनीचा जेबी किंवा फिफ्टी-नाइन हंबकर टाकावा असं मनात आहे. सोबत पॉटही (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे बदलते रेझिस्टर) बदलावे लागतात का? सोल्डरिंग कॉलेजात केलंय, पण पीसीबीवर. गिटार कधी उघडलेली नाही. स्वतः करावं की कुणाकडे द्यावं? ठाणे-नवी मुंबईत सामान कुठे मिळेल?

घोडबंदर_ड्राइव्ह | शनिवार, रात्री १०:३१

जेबी, डोळे झाकून. मी माझ्या गिटारला लावलाय आणि सोलोला जो काही बोलतो! तुझ्या गिटारमध्ये कंपनीने सिरॅमिक मॅग्नेटचा पिकअप दिला असणार, तो पहिला काढ. अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचं मॅग्नेट) आला की अर्धं काम झालं.

महापे_मल्टिमीटर | शनिवार, रात्री ११:१०

रिफ, पैसे घालण्याआधी थोडं मोजून घे. गिटार उघडायचीही गरज नाही. केबल जॅकमध्ये लाव, व्हॉल्यूम पूर्ण उघड, केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरचा एक प्रोब टोकावर आणि दुसरा दांड्यावर धर. २० किलोओहमच्या रेंजवर पाचही पोझिशनचे आकडे लिहून टाक. नंतर सगळ्यात वरचा, म्हणजे बॉडीकडचा शेवटचा फ्रेट दाबून धर आणि तार ते पिकअप हे अंतर पट्टीने मोज, जाड तारेखाली वेगळं, बारीक तारेखाली वेगळं. फोटो आणि आकडे नसताना सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

ड्राइव्ह, सिरॅमिकबद्दल सहमत नाही. डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ सालचा, आणि बाजारातून आणून जुन्या पिकअपच्या जागी बसवायच्या पिकअपचा धंदाच त्याने उभा केला. त्यात सिरॅमिक मॅग्नेट आहे. मॅग्नेटचा फरक पडतो हे खरं, पण वाइंडिंग (तांब्याचे वेढे) किती आणि समोर लोड (पॉटचा सिग्नलवर पडणारा भार) काय, यावर त्याहून जास्त गोष्टी ठरतात. स्वस्त पिकअप वाईट वाजतात ते त्यातल्या सिरॅमिकमुळेच, असं काही नाही.

जुना_ऑर्केस्ट्रा | रविवार, सकाळी ७:४०

ताई म्हणतात ते पहिलं करा. आमच्या वेळी ऑर्केस्ट्रात मल्टिमीटर एकाकडेच असायचा आणि तोही सरकत्या काट्याचा, पण तो पेटीतून बाहेर निघाल्याशिवाय कुणी पेचकस हातात घेत नसे.

मी एक वेगळीच गोष्ट सांगतो, कारण ती आवाजाहून महत्त्वाची आहे. गिटारच्या सगळ्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात. ते ग्राउंड केबलमधून अँपच्या चॅसीपर्यंत जातं आणि तिथून थ्री-पिनच्या अर्थला. घरातल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल आणि अँपमध्ये काही बिघाड झाला, तर करंट तुमच्या बोटांपर्यंत येऊ शकतो. गाणारा-वाजवणारा एकच असेल तर आणखी धोका, कारण ओठ माइकला आणि हात तारांना. गणपतीच्या मंडपात पावसाळी ओल, लांबच लांब एक्स्टेंशन, आणि अर्थची पिन कुणीतरी कापून टाकलेली, अशा स्टेजवर मी माझ्या डोळ्यांदेखत एका गायकाला फेकला गेलेला पाहिलं आहे. तो वाचला. तेव्हापासून कुठेही वाजवण्याआधी मी अर्थिंग तपासल्याशिवाय जॅक लावत नाही. जुन्या इमारतीत राहत असाल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थ खरंच जमिनीपर्यंत जातो का ते बघून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. पिकअप त्यानंतर.

ऐरोलीचा_रिफ | रविवार, दुपारी १:२०

काका, आमची इमारत तशी नवी आहे, आरसीसीबी आहे. तरी टेस्टचं बटण दाबून पाहिलं, ट्रिप झाला. अर्थही इलेक्ट्रिशियनकडून बघून घेतो.

ताई, आकडे: ब्रिज १३.४, मधला ५.९, नेक ५.९ किलोओहम. उरलेल्या दोन पोझिशन ४.१ आणि ३.० च्या आसपास. अंतर: ब्रिजच्या हंबकरला जाड तारेखाली जेमतेम १ मिमी, बारीक तारेखालीही तेवढंच. नेकला साधारण दीड.

महापे_मल्टिमीटर | रविवार, दुपारी ३:०२

आकडे चोख आहेत. जॅकवरून मोजलं की पिकअपला समांतर व्हॉल्यूमचा पॉटही मोजला जातो, म्हणून आकडा किंचित कमी दिसतो. पॉट २५० चा धरला तर तुझा हंबकर चौदाच्या जरासा वर आहे. उरलेल्या दोन पोझिशनला दोन-दोन पिकअप समांतर जोडलेले, म्हणून तिथे आकडा खाली आला. म्हणजे स्विच आणि वायरिंग धड आहे.

आता मुद्दा. १ मिमी फारच जवळ आहे. आधी पेचकस घे आणि हंबकर खाली उतरव: जाड तारेखाली साधारण अडीच, बारीक तारेखाली दोन. नेकचा सिंगलही जाड बाजूने दोन-सव्वादोनपर्यंत ने. पिकअप तारेला चिकटून असला की जाड तार हलते जास्त, इनपुट तिथेच भरून जातो आणि गेनमध्ये सगळ्यात आधी तीच किचाट करते. सिंगल कॉइलमध्ये मॅग्नेट थेट तारेखाली असतं, तिथे तर ते तारेला ओढतं आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो. उतरवल्यावर आवाज लहान वाटेल. अँपवर तेवढा वाढव आणि मग तुलना कर.

जेबी की फिफ्टी-नाइन, याबद्दल. किलोओहमचा आकडा म्हणजे ताकद नव्हे, पण तारेचं गेज सारखं असेल तर त्यावरून वेढ्यांचा अंदाज येतो. वेढे वाढले की आउटपुट वाढतो आणि सोबत इंडक्टन्सही (बदलत्या करंटला कॉइलचा होणारा विरोध, हेन्रीत मोजतात). पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एका फ्रिक्वेन्सीला उठाव येतो, त्याच्या वरचं सगळं गळत जातं. केबल मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास धर. सहा मीटरची केबल आणि आतल्या वायर मिळून ७०० झाले, तर अडीच हेन्रीच्या स्ट्रॅटच्या सिंगलला हा उठाव ४ किलोहर्ट्झच्या जवळ येतो. पीएएफ (गिब्सनचा जुना हंबकर) जातीच्या साडेचार हेन्रीच्या हंबकरला पावणेतीनच्या आसपास. ८ हेन्रीच्या गरम हंबकरला जेमतेम २. तुझी तक्रार तारा वेगळ्या ऐकू येत नाहीत ही आहे, आणि तारांचं वेगळेपण याच वरच्या पट्ट्यात असतं. जेबी १६ किलोओहमच्या वरचा आहे, फिफ्टी-नाइनचा ब्रिज मॉडेल साधारण ८ चा. दोन्ही अल्निको ५. एकेक सूर ओढून सोलो वाजवायचा असेल तर ड्राइव्हचं म्हणणं बरोबर आहे. गेनमध्ये पूर्ण कॉर्ड हवे असतील तर मी फिफ्टी-नाइन घेईन.

घोडबंदर_ड्राइव्ह | रविवार, दुपारी ३:४०

सुपर डिस्टॉर्शनमध्ये सिरॅमिक आहे हे माहीत नव्हतं, धन्यवाद. कॉर्डसाठी फिफ्टी-नाइनला माझंही अनुमोदन. एक लक्षात ठेव, स्ट्रॅट-टाइप ब्रिजला तारांमधलं अंतर जास्त असतं. पिकअपच्या बाहेरच्या दोन पोलमधलं (तारेखालच्या धातूच्या खुंट्यांमधलं) अंतर ५० मिमीच्या जवळचं आणि ५१ ते ५३ चं असे दोन प्रकार मिळतात. डंकनकडे रुंदवाल्याला ट्रेमबकर म्हणतात, डिमार्झिओकडे एफ-स्पेस्ड. ऑर्डर देण्याआधी ब्रिजवर मोज.

ऐरोलीचा_रिफ | रविवार, रात्री ९:१५

उंची बदलली. खरं सांगतो, इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. खालच्या तारांचा फुगा गेला. अजून धूसर आहेच, पण आता मायनर हा मायनर ऐकू येतो. आणि गिटार उघडून पाहिली. पॉटवर बी२५०के लिहिलंय, तिन्हींवर. पॉट छोटे आहेत, नाण्याएवढे.

महापे_मल्टिमीटर | रविवार, रात्री १०:०६

मग धूसरपणाचा दुसरा धागाही सापडला. २५० चा व्हॉल्यूम, आणि ब्रिजला टोन जोडलेला असेल तर तो आणखी २५० चा. दोन्ही समांतर म्हणजे हंबकरला १२५ किलोओहमचं लोड. त्याने तो उठावच चेपला जातो. हंबकरला ५००-५०० देतात, म्हणजे लोड २५० चं. सिंगल कॉइल मुळातच चकचकीत, म्हणून त्यांना २५० चे पॉट देण्याची पद्धत आहे. एचएसएसमध्ये दोघांनाही एकाच व्हॉल्यूममधून जायचं असतं, तिथे तडजोड आली. माझा सल्ला: व्हॉल्यूम ५०० चा कर, ब्रिजचा टोन ५०० चा कर किंवा ब्रिजवरून टोन काढूनच टाक, आणि नेक-मधल्याचा टोन २५० राहू दे. तरी सिंगल कानाला टोचले तर स्विचच्या दुसऱ्या बाजूने फक्त त्यांच्याच पोझिशनला ४७० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडता येतो. ५०० आणि ४७० समांतर म्हणजे २४२, सिंगलला वाटतं पॉट २५० चाच आहे.

अक्षर बी म्हणजे लिनियर, ए म्हणजे ऑडिओ टेपर (कानाला सारखा वाटेल असा चढ-उतार). व्हॉल्यूमला ए घे. बी वर दहापासून चारपर्यंत काहीच झाल्यासारखं वाटत नाही आणि मग आवाज एकदम पडतो. व्हॉल्यूम कमी केल्यावर ट्रेबलही गळतं, त्यासाठी व्हॉल्यूमच्या पॉटच्या इनपुट आणि आउटपुट (मधल्या) टोकांमध्ये ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर लावून बघ.

टोनच्या कपॅसिटरवर ४७३ लिहिलंय का? ४७३ म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, २२३ म्हणजे ०.०२२. हंबकरला २२३ बरा. दुकानात आकडा सांगितला की काउंटरवरून तोच मिळतो. पॉलिएस्टरचा साधा घे, महागडा ‘व्हिंटेज’ कपॅसिटर घेण्यात अर्थ नाही, किंमत मोजायची ती मायक्रोफॅरडची.

तलावपाळी | रविवार, रात्री १०:२०

वाचतोय. सामानाचं विचारलं होतं ना, कपॅसिटर, रेझिस्टर, वायर, सोल्डर, कॉपर टेप सगळं लॅमिंग्टन रोडला. ठाण्याहून दादरला बदलून ग्रँट रोडला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडलं की चालत. रविवारी जाऊ नकोस. गिटारचे ए५००के पॉट तिथे मिळतीलच असं नाही, ते ऑनलाइन मागव. मागवताना शाफ्ट बघ. सीटीएस कंपनीचा मोठा पॉट घेतलास तर त्याची मान (भोकातून वर येणारा आट्यांचा भाग) ९.५ मिमीची, तुझ्या पिकगार्डची (पिकअप-पॉट धरणाऱ्या पट्टीची) भोकं छोट्या पॉटची असणार. भोकं मोठी करावी लागतील आणि जुन्या नॉबही बसणार नाहीत, कारण दात्यांची संख्या वेगळी. अल्फा कंपनीचे छोटे ५०० चे पॉट आहे त्या भोकांत बसतात.

जुना_ऑर्केस्ट्रा | सोमवार, सकाळी ७:१५

रिफ, सोल्डरिंग स्वतःच करा. हात आहे तुमचा, फक्त पीसीबीवरची सवय इथे पुरत नाही. पॉटची पाठ हा धातूचा मोठा तुकडा आहे, २५ वॉटचं आयर्न त्याच्यावर टेकवलं की आयर्नच गार पडतं. मग लोक अर्धा-अर्धा मिनिट धरून बसतात, आतला कार्बनचा ट्रॅक भाजतो आणि पॉट खरखरायला लागतो. मोठं आयर्न आणि चपटा बिट, दोन-तीन सेकंदांत काम. माझ्याकडे ६० वॉटचं आहे. नौपाड्यात राहतो. पिकअप आला की निरोप टाका, इथेच बसून करू.

ऐरोलीचा_रिफ | सोमवार, सकाळी ९:३०

काका, नक्की येणार. फिफ्टी-नाइन ट्रेमबकर मागवतोय, चार तारांचा. पॉट अल्फाचे.

ऐरोलीचा_रिफ | शनिवार, रात्री ११:५०

आज काम झालं. सविस्तर लिहितो, कारण ज्याने पॉटची पाठ कधी सोल्डर केलेली नाही त्याला उपयोग होईल.

काकांनी आधी टेबलावर जुनी चादर चार घड्या करून टाकली आणि गिटार तिच्यावर ठेवली. तारा पूर्ण सैल केल्या आणि काढल्या. पिकगार्डचे स्क्रू निघाले की सगळं पिकअप-पॉट-स्विचचं कुटुंब एकत्र उलटतं. जॅकच्या दोन तारा आणि ब्रिजची ग्राउंडची तार तेवढी बॉडीला जोडलेली राहते. फोटो चारी बाजूंनी काढले. प्रत्येक तारेला मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर कुठून आली ते पेनाने लिहिलं. मग काकांनी मोकळी बॉडीही चादरीत गुंडाळली. सोल्डरचा एक थेंब पॉलिशवर पडला की कायमचा डाग, असं ते म्हणाले.

नव्या पॉटची पाठ चकचकीत दिसते, पण तिच्यावर प्लेटिंग असतं आणि सोल्डर तिथे धरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. काकांनी बारीक सँडपेपरने पाठीवर एक नाण्याएवढी जागा घासायला लावली. घासल्यावर तिचा रंग बदलला, झळाळी जाऊन मंद पिवळट झाला. आयर्नचा चपटा बिट पूर्ण टेकवला, दुसऱ्या बाजूने सोल्डरची तार जागेला लावली, बिटला नाही. क्षणभर काहीच झालं नाही. मग सोल्डर एकदम पसरलं, पाण्यासारखं, कडा पातळ होत धातूत विरल्या. तो ढीग गार होऊ दिला. ग्राउंडच्या वायरचं टोक वेगळं सोल्डरने भिजवून घेतलं, ढिगावर ठेवलं, बिट वरून दाबला, बुडाली, बिट उचलला, वायर हलू न देता धरून ठेवली. फुंकर मारायची नाही हे काकांनी दोनदा सांगितलं. फुंकर मारली की वरून कवच धरतं, आत जोड कच्चा राहतो. चांगला जोड चमकतो, कच्चा पांढरट आणि दाणेदार दिसतो.

डंकनच्या तारा: काळी हॉट (सिग्नलची), हिरवी आणि उघडी दोन्ही ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकांना जोडून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). ज्यांच्याकडे डिमार्झिओ आहे त्यांनी हे उचलू नका, तिथे लाल हॉट, हिरवी ग्राउंड, काळी-पांढरी जोडायची.

जोडताना खिडकी उघडी होती. सोल्डर ६०/४० चं, म्हणजे शिसं असलेलं. काकांच्या नातीला खोलीत यायला बंदी, आणि चहाच्या आधी आम्ही दोघांनी साबणाने हात धुतले.

तारा चढवण्याआधी मल्टिमीटरच्या बीपवर जॅकच्या ग्राउंडपासून ब्रिज, प्रत्येक पॉटची पाठ आणि स्विचचं अंग तपासलं, सगळीकडे बीप. ब्रिज पोझिशनला जॅकवर ८ च्या जवळ आकडा.

आवाज? ब्रिजवर गेन चढवून ओपन कॉर्ड वाजवले, सहाही तारा मोजून घ्याव्यात इतक्या सुट्या. फार फार आनंद झाला. पण एक नवी भानगड आहे. स्विच दुसऱ्या पोझिशनला, म्हणजे ब्रिज आणि मधला एकत्र, नेला की आवाज एकदम पातळ होतो. खालचं सगळं गायब, जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखा. एकेकटे दोन्ही उत्तम वाजतात.

घोडबंदर_ड्राइव्ह | रविवार, रात्री १२:१०

आउट ऑफ फेज! पक्कं.

महापे_मल्टिमीटर | रविवार, सकाळी ९:४५

ड्राइव्हचं निदान बरोबर. दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र आले की हे होऊ शकतं, यात जोडणाऱ्याचा दोष नसतो. वाइंडिंगची दिशा आणि मॅग्नेटचा वर आलेला ध्रुव, या दोन्हींवरून सिग्नलची बाजू ठरते आणि सगळ्या कंपन्या ते सारखं ठेवत नाहीत. एकटा पिकअप ऐकताना हे कळूच शकत नाही. दोन एकत्र आले आणि बाजू उलट असली की खालचे सूर एकमेकांना खातात.

खात्री करून घे. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टच्या सगळ्यात लहान रेंजवर, केबलला लावून. ब्रिज पोझिशनला ठेव, लोखंडी पेचकस पोलवर टेकव आणि त्याच क्षणी चिन्ह बघ, प्लस की मायनस. उचलताना ते उलटं येईल, म्हणून टेकवतानाचंच लिही. हंबकरच्या कोणत्याही रांगेवर टेकवलं तरी चिन्ह एकच येतं, कारण दुसऱ्या कॉइलमध्ये ध्रुव आणि वाइंडिंग दोन्ही उलटे असतात. सेठ लव्हर यांनी गिब्सनसाठी १९५५ मध्ये हंबकर केला त्याचं मर्म हेच आहे: तारेचा सिग्नल दोन्ही कॉइलमध्ये बेरजेला येतो आणि बाहेरचं हमिंग, ज्याला मॅग्नेटशी देणंघेणं नाही, ते वजा होतं. मग मधल्या पिकअपला तेच कर. चिन्हं वेगळी आली तर काळी आणि हिरवी यांची अदलाबदल कर. हिरवी हॉट होईल, काळी ग्राउंडला. उघडी तार मात्र हलवायची नाही, ती ग्राउंडलाच. ती शील्ड आहे.

पुढे कधी दुसऱ्या पोझिशनला कॉइल स्प्लिट (हंबकरची एकच कॉइल वाजवणं) करावंसं वाटलं तर लाल-पांढरा जोड ग्राउंडला न्यायचा. काळी हॉट असताना काळी-पांढरीवाली कॉइल उरते, हिरवी हॉट असताना हिरवी-लालवाली. सिग्नलची बाजू उलटली तरी हमिंगची बाजू तीच राहते. म्हणजे या अदलाबदलीने स्प्लिटमधलं हमिंग वाढणार नाही आणि कमीही होणार नाही.

ऐरोलीचा_रिफ | रविवार, संध्याकाळी ६:३०

ब्रिजला टेकवताना मायनस, मधल्याला प्लस. काकांकडे जाऊन काळी-हिरवी बदलली. दुसरी पोझिशन भरून आली! ताई, मनापासून आभार.

आता हमिंग तेवढं उरलंय. हंबकरवर जवळपास नाहीच, सिंगलवर अजून आहे.

महापे_मल्टिमीटर | रविवार, संध्याकाळी ७:१०

दोन परीक्षा. एक: तारांना हात न लावता गिटार घेऊन जागच्या जागी गोल फिर. हमिंग एका दिशेला कमी आणि एकीला जास्त होत असेल तर ते चुंबकीय आहे. इन्व्हर्टरचा किंवा अँपचाच ट्रान्सफॉर्मर त्याचा उगम. त्यावर कॉपर टेपचा उपाय चालत नाही, लांब बसायचं. दोन: फिरून फरक पडत नसेल आणि तारांना हात लावला की कमी होत असेल, तर ते हवेतून येणारं इलेक्ट्रोस्टॅटिक आहे. तिथे शील्डिंगचा उपयोग होतो. हात लावल्यावर कमी होणं हे ग्राउंड नीट असल्याचं लक्षण आहे. हात लावल्यावर वाढलं असतं तर जॅकवर हॉट-ग्राउंड उलटे आहेत असं समजायचं.

आणि तू चर्रर्र लिहिलं होतंस. ५० हर्ट्झचं नुसतं हमिंग घुमतं, चरचरत नाही. पंख्याचा रेग्युलेटर गोल फिरणारा, सलग वेग बदलणारा आहे का? तो बंद करून बघ, किंवा पूर्ण वेगावर ने.

ऐरोलीचा_रिफ | रविवार, संध्याकाळी ७:३२

पंखा बंद केला आणि तीन-चतुर्थांश आवाज गेला!! फिरून फरक पडत नाही, हात लावला की उरलेलंही कमी होतं.

जुना_ऑर्केस्ट्रा | रविवार, रात्री ८:०५

नाट्यगृहात हेच व्हायचं. दिव्यांचे डिमर अर्ध्यावर आले की गिटार भांडायला उठायची, दिवे पूर्ण लागले की शांत. पंख्याला पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या, टप्प्याटप्प्याने फिरणारा. त्याने असा त्रास होत नाही.

महापे_मल्टिमीटर | रविवार, रात्री ८:२०

काकांना अनुमोदन. सलगवाल्यात ट्रायॅक असतो, तो प्रत्येक अर्ध्या आवर्तनात वीज मधूनच तोडतो-जोडतो, त्याची ती चर्रर्र. उरलेल्यासाठी पोकळीला आतून कॉपर टेप लाव. तुकडे एकमेकांवर चढव, सांध्यांवर सोल्डरचा ठिपका दे आणि एक वायर ग्राउंडला. ॲल्युमिनियम फॉइलवर आपलं साधं सोल्डर धरत नाही, म्हणून तांबंच. स्विच आणि पॉटची हॉट टोकं टेपला चिकटत नाहीत ना ते पाहा, नाहीतर पिकगार्ड बंद केल्यावर आवाजच बंद होईल. ऐरोलीला खाडीची हवा आहे, पावसाळ्यात स्विचमध्ये वर्षातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर मारत जा.

वाशी_ब्लूज | सोमवार, रात्री १०:४०

धागा फार कामाचा झालाय. माझाही प्रश्न इथेच विचारतो. माझ्याकडे दोन हंबकरची गिटार आहे. नेकला जुना, धातूच्या झाकणाचा, एकच वायर आणि बाहेर विणलेली जाळी असलेला पिकअप. ब्रिजला नवा चार तारांचा टाकला आणि मधल्या पोझिशनला रिफसारखाच पातळ आवाज येतोय. नेकच्या दोन तारा उलट्या करू का?

महापे_मल्टिमीटर | सोमवार, रात्री ११:०५

नेकला हात लावू नका. त्याची जाळी झाकणाला आणि खालच्या पत्र्याला जोडलेली असते. ती हॉट केलीत तर अख्खं झाकण अँटेनासारखं हमिंग ओढेल, आणि बोट लागलं की आणखी. उलटवायचा तो ब्रिजचा, चार तारांचा. फेज दोघांमधली असते, त्यामुळे कोणताही एक उलटवला तरी काम होतं. पेचकस आणि मिलिव्होल्टची परीक्षा दोन्हींवर करा, मग कंपनीच्या रंगांप्रमाणे हॉट आणि ग्राउंडच्या तारा बदला. उघडी तार तेव्हाही ग्राउंडलाच.